सुटली की सुटले?

छापखान्यातून निवृत्त झालेल्या यंत्रचालकाने दुसरी सिगारेट पेटवली आणि फोन वाजला. पलीकडे वहिनी होती. आवाज रडवेला.

"भाऊजी, ह्यांची सुटली हो एकदाची!"

त्याला ऐकू आलं, ‘हे सुटले हो एकदाचे.’ दादाची छाती महिनाभर भात्यासारखी चालली होती. शंका घ्यायला जागाच नव्हती.

"कधी?"

"आठवडा झाला!"

"आठवडा? आणि मला आज सांगता?"

"खात्री नको का करायला? मागे दोनदा फसलोय!"

दुःखाने वहिनीचं डोकं फिरलंय, हे त्याने ओळखलं. पुढचं त्यालाच बघायला हवं होतं. त्याने शववाहिनी बोलावली. "आठवडा उलटलाय, जरा घाई करा," असंही सांगितलं. गाडीच्या चालकाने नाकाला रुमाल बांधला. वाटभर हा धाकटा भाऊ हुंदके देत होता. दादाशी शेवटचं बोलणं भांडणाचंच झालं होतं.

दार दादानेच उघडलं. लवंग चघळत.

धाकट्याच्या हातातली फुलं गळून पडली. त्याने दादाला मिठीच मारली. दादाची नजर मात्र त्याच्या खांद्यावरून गाडीकडे गेली.

"कोण गेलं रे?"

"तू."

"सिगारेट सुटली म्हटलं होतं, सिगारेट!" वहिनी कपाळाला हात लावून किंचाळली.

दादा पांढराफटक पडला. "एक दे बरं," तो पुटपुटला.

"खबरदार!" वहिनी मधे आली.

"मग याला कानाच्या डॉक्टरकडे तरी नेतो. आत्ताच्या आत्ता."

"रिक्षा बघतो," धाकटा म्हणाला.

"ही गाडी काय शोभेला उभी आहे?" दादा म्हणाला.

दोघे भाऊ शववाहिनीतून उतरले, तेव्हा दवाखान्यातल्या सगळ्यांनी आपणहून आपले नंबर त्यांना दिले.

डॉक्टरांनी धाकट्याच्या कानांवर तपासणीचं यंत्र चढवलं. तो सावध होऊन आवाजाची वाट बघत बसला. बराच वेळ गेला.

"सुरू करा की," तो म्हणाला.

"तपासणी संपली," डॉक्टर मोठ्याने म्हणाले. "बारीक आवाज गेलेत. थोडं वय, थोडा छापखाना, आणि ती सिगारेट. निकोटिनने कानातल्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात. तिचा वाटा किती, ते सांगता येणार नाही, पण सोडा. उरलंय ते तरी सांभाळा. गेलेलं काही परत येत नाही."

"तशी खात्री देऊ नका, डॉक्टर," दादा हळूच म्हणाला. "मी आठवडाभर गेलो होतो."

डॉक्टर खो खो हसले. धाकट्याला यातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं. डॉक्टर हसतायत म्हणून तोही हसला.