बुक्क्याच्या ठिपक्याची हकीकत

श्रीहरी कृपावंत. श्रोतेजनी जवळ सरकोन बसावे, मागल्यांनी खांबास टेकू नये, डोळा लागतो; कथा रसाळ सांगतो. शके एकोणीसशे पंधरा, मृदंगनाम संवत्सरी, एका राज्यात राघो अनंत मार्गाधिकारी होते. त्यांनी घरोघर चार आकड्यांचे पत्ते दिधले आणि त्यांचे तीन वर्ग केले: थोरल्यात पहिला आकडा मुलखाचा, मधल्यात पहिले दोन, धाकट्यात पहिले तीन, बाकी घराचे. नाकेदाराने पहिल्या आकड्यावरोन वर्ग ओळखावा, मुलखाच्या आकड्यांच्या हद्दीपलीकडे वाचू नये, ऐसा हुकूम. मग थोरले धनी दोन घरे बांधोन मुलूखभर पत्ते अडवोन बसले आणि गरिबांस पत्ता उरेना, तरी पंत आपल्या अकलेवर ऐसे खूष की आरशास मुजरा करीत.

तो त्यांच्या आत्या गोदूबाई अंथरुणास खिळल्या आणि डोळे मिटण्याआधी एक कीर्तन ऐकावे इतकाच हेत धरिला. मग पंतांनी केशवबुवा हरिदास आणि त्यांचे मृदंगी यांस आत्यांचा पत्ता देवोन रवाना केले. आत्यांचा परगणा मधल्या वर्गाचा, परंतु मध्ये परका मुलूख पडोन दोन तुकडे जाहलेला. तुकडा कळे तिसऱ्या आकड्याने, आणि दोन्हीकडील नाकेदार चौरस्त्यास पहिले दोनच पुकारोन "अवघा परगणा इकडेच" म्हणत. मग चौरस्त्यावरील नाकेदाराने दोघांचाही मान राखिला: बुवांस दक्षिणेस धाडिले आणि मृदंग्यास उत्तरेस. दक्षिणेस आत्यांपुढे बुवा नुसत्या टाळ्यांवर थकले, आणि उत्तरेस मृदंगी गोठ्यापुढे वाजवीत राहिले. म्हैस डोलली म्हणतात.

पंत धावत आले. आत्या म्हणाल्या, "राघोबा, देवाच्या दारीही वर्ग लावलेस, बाबा?" पंत खाली पाहोन म्हणाले, "आत्या, पहिला आकडा पाहिला की हद्द कळते, ऐसे वाटले." तेव्हा बुवा हसले, "पंत, माझे निरूपण कोठे सरते आणि आख्यान कोठे लागते, हे पहिल्या शब्दावरोन कळते काय? मध्ये बुक्का लावितात, तेव्हा कळते."

मग पंतांनी वर्ग मोडिले, आणि कोठवर वाचिले म्हणजे मुलूख कळतो, तेथे प्रत्येक पत्त्यावर बुक्क्याचा ठिपका देवविला, आणि नाकेदारांनी ठिपक्यापर्यंत पुकारावे, एका पत्त्यास दोन पुकार जुळल्यास ज्याचा ठिपका पुढे तोच मार्ग धरावा, ऐसे ठरविले. आणि पडीक पत्ते गरजेपुरते कापोन वाटिले. मृदंगी नीट दक्षिणेस आले. आत्यांनी अवघे आख्यान ऐकिले आणि आरतीस हात जोडिले, ते मग सोडिले नाहीत.

सारांश, संगणकांच्या जाळ्यातही ऐसेच पत्ते असतात, आणि तेथे पहिल्या चालीस वर्गबद्ध आणि दुसरीस वर्गमुक्त म्हणतात. लिहिणारास हे उमजावयास पुष्कळ टाळ कुटावे लागले. राघोपंतांस विसरले तरी चालेल, श्रोत्यांनी गोदूबाईंस मात्र स्मरावे.