सासऱ्यांसाठी चंद्र

"आज बाबांना माझा चंद्र दाखवला नाही, तर दिवेवाला म्हणून नाव लावणार नाही," असं त्याने सकाळी चहा पिता पिताच जाहीर करून टाकलं. बायकोने त्याच्या कपाखालचा ओघळ पुसला आणि म्हणाली, "दाखवाल हो. आधी तो दिसू तर दे."

तिचंही काही चुकत नव्हतं. उन्हाळा लागला की या शहराला नाटकाचं वेड लागतं. नदीच्या पायऱ्यांवर प्रहसनं, चौकात बाहुल्यांचे खेळ, वाचनालयाच्या आवारात एकांकिका, आणि मोठ्या बागेत राजा-राणीचं मोठं नाटक. सगळं फुकट. सतरंजी आणा, पाण्याची बाटली आणा आणि गवतावर ऐसपैस बसा. या बागेतल्या नाटकाचे दिवे आपला हा गडी सांभाळायचा, म्हणून नाटक मंडळात सगळे त्याला दिवेवालाच म्हणायचे. शेवटच्या प्रवेशासाठी त्याने स्वतःच्या हातांनी एक चंद्र बनवला होता. लोखंडी कडं, त्यावर ताणून शिवलेलं पांढरं कापड, आत दिवे, आणि झाडाच्या फांदीवरून कप्पीने ओढायची दोरी. घरी खोली अंधारी करून त्याने तो पेटवला, तेव्हा दुधावर साय धरावी तसा उजेड हळूहळू भिंतीवर आला होता आणि बायको काम सोडून बघत बसली होती.

पण बागेत नाटक संध्याकाळी उन्हातच सुरू व्हायचं, आणि उन्हाळ्यातला सूर्य म्हणजे लोचट पाहुणा, उठायचं नावच घेत नाही. नाटक संपायचं, लोक सतरंज्या झटकून फाटकाबाहेर पडायचे, आणि मग सावकाश अंधार पडायचा. तोपर्यंत चंद्र लख्ख उजेडात उगवून, लख्ख उजेडातच खाली आलेला असायचा. एका आजोबांना तो झाडात अडकलेला पतंग वाटला. एका बाईंनी तर मंडळाला कळवलं, की तुमचं काहीतरी वाळत घातलेलं झाडावरच राहिलंय.

हे सगळं त्याने हसून सोडून दिलं असतं. पण सासऱ्यांचं काय करायचं? सासरे दुकानांच्या पाट्या रंगवणारे जुने पेंटर. अजूनही बाजारातून जाताना मान वर करून स्वतःच्या पाट्या दाखवत चालायचे. "काम म्हणजे कसं, डोळ्यांत भरलं पाहिजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. थोरला जावई पूल बांधायचा, त्यामुळे तिकडे प्रश्नच नव्हता. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी या धाकट्या जावयाचं नाटक अथपासून इतिपर्यंत पाहिलं आणि शेवटी अगदी सरळ मनाने विचारलं, "छान झालं. पण जावईबापू, दिवे कुठे होते?"

तो प्रश्न वर्षभर त्याच्या घशात अडकून बसला होता. यंदाचा आज शेवटचा प्रयोग, आणि सासरे पुन्हा आले होते. म्हणजे काहीही करून नाटक आज अंधारात संपायला हवं होतं.

पहिली युक्ती अगदी साधी. सुरुवातीच्या आधी त्याने वायरींचा मुद्दाम एवढा गुंता केला, की तो सोडवायला एक प्रवेश तरी गेला असता. दिग्दर्शिका बाई वेळेच्या पक्क्या. गळ्यातली शिट्टी सावरत त्या आल्या, गुंता पाहिला आणि म्हणाल्या, "सुरू करा रे. दिव्यांवाचून काही अडत नाही. तसेही दिसतात कुणाला?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, पण याच्या ते जिव्हारी लागलं.

मग त्याने राजाला गाठलं. राजा म्हणजे एरवी दातांचे डॉक्टर. खुर्चीत बसवलं की दोन मिनिटांत दाढ हातात, आणि भाषणंही तशीच उपटायचे.

"डॉक्टर, तुम्ही भाषणात मध्येच थांबता ना, तिथे काल पुढच्या बायका डोळे पुसत होत्या."

"असं? नेमकं कुठे थांबतो मी?"

"सगळीकडेच," दिवेवाला म्हणाला.

झालं. डॉक्टर सगळीकडे थांबायला लागले. "प्रजाजनहो" म्हणाले आणि थांबले. तलवारीला हात घातला आणि थांबले. दोन शब्दांच्या मध्ये लोकांना बाग ऐकू यायला लागली, लांबचा नळ, कावळे, कुणाचं तरी पोर. राणीच्या हे लगेच लक्षात आलं. "डॉक्टर भाव खातायत होय? खाऊ देत," असं म्हणत ती रंगभूमीवर गेली आणि जिथे नुसता हुंदका द्यायचा तिथे मनसोक्त रडून आली. तिचं पाहून प्रधानाने दाढी कुरवाळत येरझारा घातल्या. ज्या सेवकाला अख्ख्या नाटकात "महाराज, दूत आला आहे" एवढंच बोलायचं होतं, तो बोलून आत आला, जरा विचारात पडला, आणि पुन्हा बाहेर जाऊन म्हणाला, "महाराज, दूत अजून उभाच आहे."

झाडामागे दोरी धरून बसलेल्या दिवेवाल्याला आनंदाने उकळ्या फुटत होत्या. सावल्या लांबत होत्या, ऊन भिंतीपर्यंत सरकलं होतं. पण लोकांच्या चुळबुळीकडे त्याचं लक्षच नव्हतं. ते गेलं तेव्हा सासरे सतरंजीवर उभे राहून चप्पल शोधत होते. जेवायची वेळ टळली की त्यांना कुणी थोपवू शकत नसे.

"बाबा, पाचच मिनिटं," बायकोने त्यांच्या सदऱ्याचं टोक धरलं होतं.

"अगं, पाच मिनिटं म्हणून तो राजा मघापासून मरतोय."

"मेला की चंद्र उगवतो. यांनी केलाय, स्वतःच्या हाताने. बसा ना."

बाबा बसले, पण चप्पल पायांत घालून बसले. आणि नेमक्या त्याच वेळी दिग्दर्शिका बाई दिवेवाल्याजवळ आल्या.

"आज सगळ्यांच्या अंगात काय आलंय कोण जाणे. फाटक बंद करायची वेळ झाली. राजा मेला की नाटक संपवायचं. चंद्राचा प्रवेश कापला."

"बाई, शेवटचा प्रयोग आहे हो."

"रखवालदाराला सांगा ते," म्हणून बाई दुसऱ्या बाजूला निघूनही गेल्या. आपल्याच हाताने आपण आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, हे त्याला कळून चुकलं. नाटक लांबवलं नसतं तर चंद्र उजेडात का होईना, उगवला तरी असता. त्याला रडू यायचंच बाकी राहिलं.

तेवढ्यात एकदाचा राजा मेला. आकाश राखाडी झालं होतं, झाडं काळी पडली होती. उभ्या उन्हाळ्यात ज्याची वाट पाहिली तो अंधार समोर उभा होता. दिवेवाल्याने बाईंकडे पाहिलंच नाही. त्याने बटण दाबलं आणि दोरी ओढली.

आणि खरं सांगायचं तर चंद्र फार सुंदर उगवला. पानांमागून उजेड आला, मग कडा, मग पूर्ण गोल. सगळी बाग गप्प झाली. राणी प्रेताला नमस्कार करून आत निघाली होती, पण समोर चंद्र दिसताच सवयीने तिच्या तोंडून भाषण सुरू झालं. दोन्ही हात पसरून ती म्हणाली, "हे चंद्रा, एवढ्या मोठ्या आकाशात तूही माझ्यासारखाच एकटा."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणीतरी. बघता बघता माना उजवीकडे वळायला लागल्या. तिथे पाण्याच्या टाकीमागून दुसरा चंद्र वर आला होता. गुबगुबीत, पिवळा आणि खरा. पौर्णिमा होती. सगळा उन्हाळा दिवेवाल्याने सूर्यावर पाळत ठेवली, पण चंद्राची चौकशी करायचं त्याला एकदाही सुचलं नव्हतं.

राणीने एकाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं. पण ती हाडाची नटी. आवाज जराही न हलवता ती म्हणाली, "तुम्ही दोघंही एकटेच." मेलेला राजा हसून गदगदायला लागला आणि टाळ्यांच्या कडकडाटात नाटक संपलं.

बाईंनी शिट्टी तोंडापर्यंत नेली, खाली सोडली आणि म्हणाल्या, "सामान आवरा." दिवेवाल्याने चंद्र खाली घेतला, दिवे विझवले. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. वर्षभर ज्या कामाचा अभिमान मिरवला ते एकदाचं दिसलं, तेही खऱ्या चंद्राच्या शेजारी बसून. गवतावरून सासरे येताना दिसले. तो बोलणी खायच्या तयारीने उभा राहिला.

सासरे मात्र त्याच्याकडे बघतच नव्हते. ते टाकीकडे बघत होते.

"जावईबापू, मानलं तुम्हाला."

"बाबा?"

"जन्म रंगात गेला माझा. पांढऱ्यात पिवळा किती घालायचा, हे भल्याभल्यांना जमत नाही. आणि ते डाग! डाग काढायचं सुचलं कसं तुम्हाला?"

त्याला उलगडा व्हायला जरा वेळच लागला. "बाबा, तो माझा नाही. माझा तो झाडावर होता, तो—"

"झाडावरचा पाहिला की. पांढराफटक, नुसती ताटली. तुमच्या चंद्रापुढे खरा अगदीच फिका पडला हो. बघा, गेला ढगात." एवढं बोलून त्यांनी खिशातून फोन काढला आणि थोरल्या जावयाला लावला. "गच्चीत जा आणि बघा, धाकट्याने काय काम केलंय. दिसतंय का?" क्षणभर ऐकून त्यांनी फोनवर हात ठेवला. अभिमानाने त्यांचा आवाज भरून आला होता. "तिकडूनही दिसतंय म्हणतात."

दिवेवाल्याने बायकोकडे पाहिलं. तिने ओठ घट्ट मिटून मान नाही अशी हलवली. वडिलांना एवढं खूश तिने स्वतःच्या पाट्या दाखवतानाही कधी पाहिलं नव्हतं. त्याने आपला चंद्र झाडाआड सरकवला. सासऱ्यांनी सतरंजी स्वतः काखेत मारली, जेवायची वेळ विसरून भेटेल त्याला जावई दाखवत ते फाटकापर्यंत आले, आणि तिथे अचानक थबकले.

"अहो, तो बंद करायचा राहिला की. फुकट वीज जळतेय."

दिवेवाल्याने मान वर करून पाहिलं. मग छाती किंचित पुढे काढून तो म्हणाला, "राहू द्या, बाबा. लोक घरी पोचेपर्यंत चालूच ठेवतो आम्ही."