बाबा उत्तर देत नाहीत

"आपल्या खाजगी नेटवर्कमध्ये संगणकांचे आकडी पत्ते लक्षात ठेवायची कटकटच नाही. मशीन जोडलं की नाव आपोआप मिळतं!" असं चिरंजीवांनी ऑफिसात छाती ठोकून सांगितलं होतं. नेटवर्क सांभाळणं हीच त्यांची नोकरी.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एकट्या राहणाऱ्या वडिलांचा संगणकही त्यांनी आपल्या नेटवर्कमध्ये ओढला होता. नाव ‘बाबा’. रोज सकाळी ऑफिसातल्या संगणकावरून त्या नावाला हाक मारायची. उत्तर आलं की तिकडचा संगणक चालू, म्हणजे बाबा उठले, पेपर वाचतायत, सगळं ठीक! पुत्रकर्तव्य चार सेकंदांत उरकायचं.

मंगळवारी ‘बाबा’ उत्तर देईना.

बाबांना फोन लावला, तर एंगेज. दहा मिनिटांनीही एंगेज! रिसीव्हर हातातून पडला असेल का? बायकोला लावला, तर तोही एंगेज. चिरंजीव गाडी काढून निघाले. बाबांशी शेवटचं कधी बोललो? आठवेना, आणि आठवत नाही याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

वाटेत एका कुलूपवाल्याला गाडीत कोंबलं. बाबांच्या दाराची बेल बंद होती.

"साहेब, आधी हाक तर मारा."

"मारली ना, चारदा!"

"मला नाही ऐकू आली."

"ऑफिसातून मारली! कॉम्प्युटरवर!"

कुलूपवाल्याने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि मुकाट्याने हत्यार काढलं.

दार उघडलं. बाबा मागच्या गॅलरीत, कानाला फोन, पाय स्टुलावर.

"अरे, काय हे? दार मोडलंस?"

"बाबा, तुमचा संगणक..."

"काल दुरुस्तीवाल्याने आतलं सगळं पुसून नव्याने लावला. तूच लिहून ठेवलेल्या कागदावरून तुझ्या नेटवर्कला जोडला."

चिरंजीवांना उलगडा झाला. नव्याने जोडलेला संगणक नेटवर्कला नवखा वाटला. ‘बाबा’ हे नाव जुन्या नोंदीने अडवलेलं, म्हणून त्याचं परस्पर ‘बाबा-१’ झालं. जुनी नोंद काढल्याशिवाय ते नाव दुसऱ्याला देता येत नाही, हे त्यांना तोंडपाठ होतं. यावर ऑफिसात त्यांनी तासभर भाषणही ठोकलं होतं!

"पण एवढा वेळ फोनवर कोण?"

"तुझी बायको. ती रोज याच वेळेला करते."

चिरंजीवांनी डोळे पुसले, घसा साफ केला आणि नोंदीचा घोळ पहिल्यापासून समजावून सांगितला. बाबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग फोन पुन्हा कानाला लावला.

"हो गं सूनबाई, आलाय. कुलूप तोडून आलाय. नाही गं, मला भेटायला नाही. नाव दुरुस्त करायला."