धन्यकुमारकाकांच्या गाडीचा पोचा

धन्यकुमारकाकांच्या गाडीच्या तोंडावर डाव्या बाजूला जो पोचा आहे, तो मी पाडलेला आहे. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शाळेतल्या सोबत्यांना नाही, देवालाही नाही. देवळात जायच्या वाटेवरच ती गाडी उभी असते, आणि तिच्याकडे न बघता पुढे सरकण्यातच माझी निम्मी भक्ती संपते.

आता गंमत अशी, की आख्ख्या शिरपुरात पोच्याचा काकांएवढा वैरी दुसरा सापडायचा नाही. बाजारात भांड्यांचं दुकान आहे त्यांचं. माल आला की प्रत्येक भांडं ते आधी बोटाच्या पेरानं वाजवतात. ठण्ण वाजलं तर फळीवर, नाहीतर परत. "आवाज सांगते," हे त्यांचं पालुपद. सवय इतकी मुरलेली, की टरबूज, दार, भिंत, पाहुण्याची पेटी, काहीही समोर आलं की वाजवून बघतात. मी मास्तर म्हणून लागलो तेव्हा पेढे द्यायला गेलो, तर त्यांनी पेढ्यांआधी डबा वाजवला.

एकदा एका लग्नात त्यांच्या पुढ्यात पोचलेला तांब्या आला. काकांनी वाढप्याच्या हातातली पळी मागून घेतली, तांब्या मांडीत धरला आणि पंगतीत बसून आतून ठोकायला लागले. वरमाय धावत आली. म्हणाली, "काका, तुमचं पान तसंच राह्यलं." काका म्हणाले, "राहू दे बाई. याचं पोट खपाटीले गेलं, ते पह्यले वर येऊ दे. मंग मायं भरतो."

नळावरून येणाऱ्या बायांना ते रस्त्यात थांबवत. "ठिवून जाय ती कयशी. संध्याकायी ने." पैसे घेत नसत. दुसऱ्याच्या भांड्यातला पोचा त्यांना स्वतःच्या दातदुखीसारखा छळायचा.

आणि या माणसाची गाडी भर बाजारात पोचा मिरवत उभी.

गाडी क्रीम रंगाची, गोल डोळ्यांची. ती बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. पोच्यामुळे डाव्या दिव्याची खोबणच फिरलेली आहे. उजवा दिवा रस्ता दाखवतो आणि डावा डावीकडे, वर कुठेतरी बघतो. सांजेला काका निघाले की वाटेवरच्या कडुनिंबातले बगळे उठतात. पोरं गाडीला 'तिरळी' म्हणतात. गावातल्या प्रत्येक मिस्त्रीनं सांगून पाहिलं, "शेठ, अर्ध्या दिवसाचं काम हाय." काका ऐकून घेतात, मिस्त्रीचा पाना वाजवून बघतात आणि निघून येतात.

एरवी हे खपून गेलं असतं. पण सरकारनं पासिंग ठेवलंय. जुन्या गाडीला दर पाच वर्षांनी वाशीमला नेऊन साहेबापुढे उभं करावं लागतं. ब्रेक, हॉर्न, दिवे, टायर, सगळं बघून साहेब 'पास' म्हणाले, तर गाडीला पुढचं आयुष्य. नाहीतर भंगार. पासिंग जवळ आलं की आमच्याकडच्या भल्याभल्या गाडीवाल्यांचे चेहरे बारावीच्या पोरांसारखे होतात.

काकांची तयारी आठ दिवस आधी सुरू व्हायची. स्टेपनी जीपवाल्या गजाननची. वायपर सोनाराच्या गाडीचे. औषधाची पेटी आमच्या शाळेची. तिच्यात एक कात्री आणि जांभळ्या औषधाची सुकलेली बाटली. पासिंग झालं की सगळं ज्याचं त्याला परत. काका म्हणत, "गाडी मायी हाय मास्तर, पण पासिंग गावाचं हाय."

गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबराचा पेन्सिलनं छाप काढून द्यावा लागतो. काकांनी जन्मभर भांड्यांवर नावं कोरलेली. ते गाडीखाली आडवे होऊन छाप घेत आणि बाहेर येऊन दर वेळी तेच बोलत. "कोनं कोरलं असन हे? सातले मान नाई, नवले पोट नाई. माह्याकडं आनला असता नंबर, त झाक कोरून देला असता."

राहिला डावा दिवा. त्याच्यावर काकांचा उपाय म्हणजे पुठ्ठा. प्रेशर कुकरच्या खोक्याचा पुठ्ठा घडी करून दिव्यामागे ठोसला की दिवा तेवढ्यापुरता सरळ बघायचा. मागची पासिंगं या पुठ्ठ्यावरच निघाली. जुने साहेब वयस्क होते. बघून न बघितल्यासारखं करत.

यंदा मैदानावर नव्या मॅडम होत्या. वयानं आमच्या पुतणीएवढ्या. काकांसोबत दर वेळी जातो तसा मी होतोच. रांग लांबलचक. पुढच्या जीपला स्प्रिंगच्या पाट्यांवरून नापास केलं, तेव्हा जीपवाला रांगेकडे तोंड करून म्हणाला, "गाडीचं पासिंग होते बाप्पा, पण आमच्या गावच्या रस्त्याचं पासिंग कोन करते, ते सांगा एखांद्यानं." सगळे हसले. मॅडमही हसल्या, पण शेरा तोच राहिला.

आमच्या गाडीजवळ येऊन त्यांनी दिवा लावायला सांगितला, मग वाकून दिव्यामागे बोटं घातली आणि पुठ्ठा बाहेर ओढला.

"हे काय आहे, काका?"

"कुकरचं खोकं हाय मॅडम. आयएसआय हाय."

मॅडमनी पुठ्ठा त्यांच्या हातात दिला. दिव्यानं लगेच मान वाकडी केली.

"हा कडेनं चालणाऱ्याच्या डोळ्यात जातो."

"डावा डोया जरा कमजोर हाय तिचा. पन उजवा एकदम टंच."

"मला गाडीला चष्मा देता येत नाही, काका. हा पोचा काढून आणा, दिवा आपोआप सरळ होईल."

"बाकी काय बी सांगा. तेवढं सोडून."

मॅडमनी हातातले कागद बोनेटवर ठेवले. मग म्हणाल्या, "चावी द्या. ब्रेक तरी बघते." आणि स्वतः गाडीत बसल्या.

गाडी मैदानाला फेरी मारायला निघाली. मी काकांकडे पाहिलं. एरवी कोणी गाडीला हात लावला तर हा माणूस सूचनांचा मारा करतो. मॅडमनी पल्याडच्या कोपऱ्यावर गाडी वळवली, तेव्हा काकांनी टोपी काढून हातात घेतली.

ब्रेक पास झाला. दिव्यावर गाडी अडली. मॅडमनी एक महिन्याची मुदत दिली. तेवढ्यात पोचा काढून आणा, नाहीतर पुढचं त्यांच्या हातात नाही.

परतीच्या वाटेवर काकांनी एका बाभळीखाली गाडी थांबवली. दिवस मावळायच्या आत त्यांना जेवावं लागतं; हा नेम त्यांनी कधी मोडला नाही. मुलगा पुण्याला, घरात एकटे, त्यामुळे पोळ्या स्वतःच लाटलेल्या. त्यांनी डब्याचं झाकण वाजवलं, पण उघडलं नाही.

"मास्तर, ते मॅडम गाडी कशी वयवत होते, पाह्यलं?"

"पाहिलं ना."

"आमची कमया बी तशीच वयवे. दोन्ही हात वर. पान्यानं भरलेली परात धरल्यावानी."

कमळाकाकूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. काका बायकोचं नाव घेताना मी तरी ऐकलं नव्हतं.

"म्या शिकवली होती तिले. धनजचं माहेर तिचं. म्हने, एकडाव सोता चालवत जाईन, भावाच्या दारात उभी करीन अन् हारन वाजवीन. लय हौस होती. अन् एक दिवस मी अकोल्याहून माल घेऊन आलो, त गाडीले हा पोचा. म्हने, माह्या हातून झालं." काका झाकणाच्या कडेवरून बोट फिरवत होते. "म्या चौकात बोललो तिले. चार लोकायसमोर. म्हनलं, परात धरनाऱ्या हाताले स्टेरिंग झेपत नसते. ती हासली थोडी. चावी खुंटीले लावली. मंग कदी हात लावला नाई. मांगून मीच म्हनलं, चाल, शिक पुन्हा. म्हने, राहू द्या."

मी बाभळीकडे बघत होतो.

"आता हे सारे म्हनतात, पोचा काढा, पोचा काढा. काढला त मास्तर, तिनं कदी गाडी चालवली होती, याची खूनच राह्यत नाई."

आता मी तेव्हाचं सांगतो.

मी कॉलेजात नुकताच गेलो होतो. काकांची गाडी पुसायचं काम माझ्याकडे होतं, कारण मला गाडीजवळ राहायला मिळे. त्या दुपारी काका गावात नव्हते. चावी खुंटीला होती. मी गाडी काढली. गल्लीच्या तोंडाशी तेव्हा पाण्याचा दगडी हौद होता. त्याच्या कोपऱ्यावर मी ती घातली.

आवाज ऐकून काकू बाहेर आल्या. हाताला पीठ. त्यांनी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या वडिलांचा पट्टा गल्लीला ठाऊक होता.

"घरी जाय," त्या म्हणाल्या. "अन् तोंड धुऊन घे. मले काय, हे दोन शब्द बोलतीन अन् इसरतीन."

दोन शब्दच बोलले काका. मी भिंतीआड उभा राहून ऐकले. तेव्हा पुढे येऊन एक वाक्य बोललो असतो, तर पट्ट्याचे वळ आठ दिवसांत गेले असते. मी आलो नाही. पुढे काकू कधी भेटल्या की एवढंच म्हणत, "गाडी पुसाले येत नाईस आताशा?" त्यात टोमणा नसे. त्यामुळे आणखी जड जायचं.

"काय म्हनता, मास्तर?" काकांनी विचारलं. माझं तोंड बहुतेक उघडलं असावं.

"काही नाही. जेवून घ्या. ऊन चाललं."

त्यांनी अर्धी पोळी खाल्ली आणि डबा झाकला.

शिरपुरात पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. काकांनी दिवे लावले. गल्लीत वळताना उजवा दिवा रस्त्यावर राहिला आणि डावा भिंतींवरून सरकत सरकत काकांच्या घराच्या ओट्यावर जाऊन थांबला. रिकामा ओटा, कोपऱ्यात लाकडी पाट. काकांनी तिथेच गाडी उभी केली, पण दिवा मालवला नाही.

"तिथं बसे ती," ते म्हणाले. "मी कुठून बी आलो की हा उजेड पह्यले तिच्या तोंडावर पडे. म्हने, तुमच्या गाडीचा एक दिवा रस्त्याले अन् एक मले."

मग ते उतरले. सवयीनं बोनेट वाजवलं, दार वाजवलं. पोच्यावर पेर आपटलं, तर नुसता थप् असा आवाज आला.

"सारी गाडी बोलते, मास्तर. इथंच तेवढी मुकी हाय."

मी शाळेची औषधाची पेटी काखेत घेऊन घरी आलो.

मुदतीतले बरेच दिवस गेले. मी सांगितलं तर काका कदाचित पोचा काढतील. गाडी पास होईल, दिवा सरळ होईल आणि ओट्यावर अंधार पडेल. वर त्यांना हेही कळेल, की चौकात त्यांनी बिनकसूर बाईला बोल लावला. न सांगितलं तर गाडी भंगारात जाईल, आणि तिच्यासोबत काकूंच्या नावावर लागलेला माझा पोचाही. दोन्हीकडून विचार करत मी हे दिवस काढले. आता हे लिहून काढलंय, आणि छापायला देण्याआधी काकांच्या ओट्यावर बसून वाचून दाखवायचं आहे. माझे पाय अजून तिकडे वळलेले नाहीत.

काकूंना मी धनजपर्यंतचा रस्ता देणं लागतो. तो आता फिटायचा नाही. काकांना मी एक वाक्य देणं लागतो, ते फिटण्यासारखं आहे: काकूंनी गाडी चालवली, आणि एकही पोचा पाडला नाही.