मेंढरांची कातर आणि धोंडुबाईंचा वेल

दोष सगळा बिरदेवतात्यांचा. आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्यांच्या घरात हे म्हणायची कुणाची छाती नाही.

पलूसच्या अंगणात त्यांच्या बायकोनं, धोंडुबाईंनी, द्राक्षाचा वेल मांडवावर चढवला होता. लेकीला, राणीला, बघायला उंब्रजचे पाव्हणे यायचे होते. राणीला मुलगा फोनवरच पसंत पडलेला. घोडं अडलं होतं ते मुलाच्या आज्यापाशी. म्हाताऱ्यानं आधीच्या दोन पोरी नाकारलेल्या. त्याला गार सावलीत बसवून विरघळवायचं, हा धोंडुबाईंचा बेत. आणि आदल्याच दिवशी पानांवर पांढरी बुकणी.

पोरगा सिद्धू, त्यानं लगेच ओळखलं. (शेतकीचा डिप्लोमा त्यानं दुसऱ्या वर्षी सोडला, पण रोगांचा धडा पहिल्या वर्षी होता.) पानाच्या वर पिठासारखं दिसलं तर भुरी, पालथ्या बाजूला कापसासारखं दिसलं तर दावण्या. ही भुरी. खराब पानं खुडायची, सकाळच्या गारव्यात गंधक फवारायचं, संपलं.

तात्यांनी पान हुंगलं, चावलं, थुंकलं आणि निकाल दिला : खरूज. उभा जन्म मेंढरांमागं काढलेला बाप. त्याला जगात दोनच रोग ठाऊक, खरूज आणि पोटफुगी. (सिद्धूच्या शिक्षणाला ते पोटफुगीत धरत.)

"आवं तात्या, वेल हाय ह्यो, मेंढरू न्हाई."

"अंगावर पांढरं पडलं की कातरायचं. वारं लागलं की जातंय."

"कातरा मग. त्या बोडक्या मांडवाखाली बसून पाव्हणं व्हय म्हणाले, तर मी मिशी उतरवीन."

तात्या आढ्याला खोचलेली मेंढरांची कातर काढून स्टुलावर चढले. सिद्धू शिव्या घोळवत बघत राहिला आणि बघता बघता शिव्या विसरला. एरवी चहाची बशी थरथरवणारा तो हात लोण्यातून जावा तसा फिरत होता. पानं लोकरीसारखी थरानं खाली येत होती, आणि प्रत्येक देठाच्या बगलेतला गुलाबी डोळा, नव्या फुटीचा कोंब, जिथल्या तिथं, शाबूत. सिद्धूनं श्वास धरून ठेवला. देवळातसुद्धा तो इतका गप कधी उभा राहिला नव्हता.

बाजारातून आलेल्या धोंडुबाईंनी काड्यांचा मांडव बघितला आणि तात्यांशी बोलणं टाकलं.

दुसऱ्या दिवशी आजा भर उन्हात बसला. टकलावर काड्यांच्या सावल्या. बराच वेळ वर बघून त्यानं विचारलं, "कातरलंय कुणी?"

सगळ्या घरानं तात्यांकडं बोट केलं. (एकी असावी तर अशी.)

आजा, तोही जन्मभर मेंढरं कातरलेला, उठून स्टुलावर चढला. मेंढराची पाठ चाचपावी तसा त्यानं वेल चाचपला.

"एक वरखडा न्हाई गड्या," तो तात्यांना म्हणाला. "आमच्यात असा हात आता ऱ्हायला न्हाई. पोरगी आमची झाली."

राणी चहा घेऊन अजून बाहेर यायची होती.

पुढं वेल नव्या पानांनी असा फुटला की सिद्धू रोज पानं पालथी करून बघायचा आणि तोंडाचा आ मिटायचा विसरायचा. वर काही नाही, खाली काही नाही. गंधक त्यानं पहाटे गपचूप फवारलं होतं. नाव मात्र कातरीचं झालं.

सिद्धूची मिशी गेली. त्याच कातरीनं.