आनंदा मिस्त्री आणि मुंबईचं पावणं

आमच्या कळंब्याच्या प्रशिक्षण केंद्रात सकाळी कोणी आलं, तर गवंडीकामाच्या वर्गाबाहेर एक धिप्पाड, पांढऱ्या मिशांचा माणूस दिसायचा. हातात वाटी, वाटीत घरच्या म्हशीच्या दुधाची साय. रांगेतल्या प्रत्येकाच्या अंगठ्याला तो ती साय चोळायचा आणि वर दटावायचा, "कोण चाटंल त्येचा हात मोडीन." हे आनंदा मिस्त्री, आमचे गवंडीकामाचे शिक्षक.

सायीचं कारण हजेरीचं यंत्र; कोरडा, खरबरीत अंगठा त्याला वाचता येत नाही, सायीनं तो जरा मऊ होतो. राज्याची कौशल्य परिषद मुंबईत बसते. कुठं कोणतं काम शिकवायचं, ते कोणी शिकवायचं, परीक्षेला कोणी बसायचं, सगळं तिथं ठरतं. त्यांना माणूस दिसत नाही, अंगठा दिसतो. आणि सिमेंट कालवून तर अंगठ्यावरच्या रेषा झिजतात. म्हणजे जो राबला तो गैरहजर आणि जो कोपऱ्यात मोबाइल बघत बसला तो रोज हजर. हजेरी भरली नाही की परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही, आणि त्याच्याशिवाय मोठा ठेकेदार दारात उभं करत नाही.

चंदगडच्या सुमनचा अंगठा यंत्र सहसा घ्यायचंच नाही. मग मिस्त्री वाकून त्याची समजूत घालायचे, "पावणं, आवो सुमन हाय ही. काल तुमच्याम्होरंच भिंत उचलली की तिनं. वळखा जरा."

"मिस्त्री, त्याला कान नाहीत," मी म्हणायचे.

"डोळं तरी कुठं हायती, ताई? मुंबईचं पावणं हाय, गोडीनं घ्याय लागतंय."

खंडेनवमीला हत्यारं पुजतात. मी त्या दिवशी रजेवर होते. मिस्त्रींनी थापी, ओळंबा, रंधा ओळीनं मांडले आणि भिंतीवरचं यंत्रही उतरवून त्यांच्या शेजारी ठेवलं. पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. पावणं जागेवरच गार झालं.

"नेमकं अंगठ्याच्या काचेवर कुंकू लावलं, मिस्त्री?" रजेवरून आल्यावर मी विचारलं.

"मग कुठं लावायचं? त्येचं कपाळ त्येच न्हवं?"

नवं यंत्र यायला दिवाळी सरली. तोवर वर्ग रोज भरत होता, भिंती उठत होत्या, पण परिषदेच्या लेखी कोणीच आलेलं नव्हतं. अख्खा वर्ग परीक्षेबाहेर गेला.

ते ऐकल्यावर मिस्त्री केंद्राच्या कचेरीत माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्याचा मला अभिमान आहे, आणि मिस्त्रींना माझ्यापेक्षा जास्त होता.

"ताई, तुमी शिकलेल्या. परिषदेला लिवा."

"यंत्र बिघडलं होतं, असं लिहिते."

"नगं. कुणी बिघडवलं म्हणून इचारत्याल. आनंदा मिस्त्रीनं बिघडवलं, पोरांचा दोष न्हाय, असंच लिवा."

मी समजावून बघितलं. ते हलेनात. शेवटी तसंच लिहिलं.

उत्तर आलं. सगळ्यांना परीक्षेला बसू द्यावं. संबंधित शिक्षकाची मान्यता रद्द.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. बायको गेल्यापासून घरात ते आणि गोठ्यात म्हैस, एवढंच. मी सगळं सांगितलं.

"सुमन बसणार न्हवं?"

"सगळी बसणार."

"मग झालं की." ते गोठ्याच्या उंबऱ्यावर टेकले. "नव्या मिस्त्रीला सांगा, सुमन डावरी हाय, थापी उजव्या हातात धराय लावू नगा. हातकणंगल्याचा सागर उंचीला भितोय, पर बोलून दावत न्हाय. परांचीवर चढताना त्येच्या मागं कुणीतरी हुबं ऱ्हाया पायजे. आनि कमानीचं काम राहिलंय अजून. ते घाईनं उरकू नगा म्हणावं."

"तुम्हीच येऊन सांगा की त्यांना."

मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. "मला गेटातनं आत सोडत्याल?"

मग ते उठले आणि म्हशीपुढं वैरण टाकायला लागले. आधीची वैरण तिथं तशीच पडली होती.