आकाराम पेंटरची नाचरी अक्षरं

आकाराम पेंटरनं बायकोला परत बोलवायचं ठरवलं. फोन करायचा नाही, हेही ठरवलं. बनुबाई आठ दिवसांसाठी सांगलीला लेकीकडं राहायला गेली, त्याला तीन महिने झाले होते. चहा मात्र रोज दोन कप होत होता. दुसरा तोच प्यायचा, गार झाल्यावर. (वाया घालवायची सवय नव्हती, एवढंच.)

उंब्रजच्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या. वेलांटीला तुरा, उकाराला शेपूट, काना कमरेत वाकलेला. रसवंती असो की ब्यांड, अक्षरं नाचायची. हात कापायला लागले आणि ब्रश सुटला. मग नातीनं जुन्या पाट्यांचे फोटो काढून त्या अक्षरांचा फॉन्ट केला आणि आकाराम पेंटर कॉम्प्युटरात जाऊन बसला.

मलकापुरात साईराजचं फ्लेक्सचं दुकान होतं, तो फॉन्ट त्याच्याकडंही होता. आकारामनं त्याच्यापुढं कागद ठेवला : 'बनुबाई, परत ये. तुझ्याबिगर घर सुनं हाय.' फोटो म्हणून आधार कार्डाची काळी झेरॉक्स. चाळीस वर्षांत त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. फ्लेक्सवर मारायला हरकत नव्हती. गावातली माणसं मोबाईलवर फोटो फिरवतील आणि सांजेपर्यंत तो सांगलीला पोचेल, असा त्याचा हिशेब.

साईराजनं कागद वाचला आणि आवाज खाली आणला.

"कवाची गोष्ट, आबा?"

"तीन महिनं झालं."

"आजारी हुत्या?"

"ठणठणीत. सकाळची एस.टी. आली अन् मी नुसता बघत हुबा."

"अरारा! मग आबा, अक्षरं साधी टाकू?"

"माजीच टाक. ती वळखती."

उंब्रजच्या स्टँडसमोर फ्लेक्स लागला. आकारामनं खालून अक्षरं तेवढी बघितली. पेंटर दुसरं काही बघत नाही. साईराजनं आपल्या मनानं फोटोला घातलेला हार आणि दोन्हीकडच्या समया त्याला दिसल्याच नाहीत.

सांजेला शेजारच्या लीलाबाईनं पिठलं-भाकरी आणून ठेवली. "चूल पेटवू नगा, भावजी," म्हणाली आणि पदर डोळ्याला लावून गेली. बाई घरात नसली की गावाला कळतं, असं मनाशी म्हणत आकाराम पोटभर जेवला. मग जुना दोस्त राजाराम आला, तो तापलेलाच.

"वहिनी वारली अन् आमाला सांगितलं न्हाईस. वर असली नाचरी अक्षरं? रसवंती काढलीस व्हय रं?"

आकाराम तसाच स्टँडवर गेला आणि अक्षरं सोडून फोटो पहिल्यांदा नीट बघितला.

सकाळच्या पहिल्या एस.टी.नं बनुबाई उतरली.

"जित्या बाईला हार?"

"त्यो साईराजनं घातला."

"अन् मी मेले म्हणून अक्षरं नाचत्यात?"

"ती माजी."

"अन् लिवलंय ते?"

आकारामनं वर पत्र्याकडं बघितलं. "ते बी."

बनुबाईनं हातातली पिशवी खाली ठेवली. मग तिनं चहा ठेवला. दोन कप. आज आकारामनं तो गरम प्यायला आणि जीभ भाजून घेतली.

"फ्लेक्स काढून आणा," ती म्हणाली. "हार अन् समया खोडा. लिवलेलं ऱ्हाऊ द्या."

आकारामची छाती फुगली. "भितीला लावू?"

"नगं. गुंडाळून ठेवा. सोमवारी मी सांगलीला माघारी चाललेय, लेकीच्या पोराची परीक्षा हाय. तवा लावा."